‘झेगन’चं ‘झॅगन’

माझ्या मुलीच्या लग्नाचा मांडव माझ्या जर्मन उच्चारामुळे पडला. वादळ वगैरे काही नव्हतं.

पल्लवी नर्स म्हणून जर्मनीत गेली आणि तिथल्याच लुकासशी तिचं जमलं. लग्न मात्र आमच्या डोणगावात ठरलं. लुकासचे वडील एकटेच येणार होते. एका खेड्यातले निवृत्त सुतार. व्याह्यांचं स्वागत त्यांच्याच भाषेत करायचं असं मी मनावर घेतलं आणि मोबाइलवर जर्मन शिकायला लागलो. त्यांचा ‘इश’ म्हणजे ‘मी’ (हा ‘श’ आपल्या ‘श’ आणि ‘ख’च्या मधे कुठेतरी राहतो) काढताना माझ्या घशातून असा आवाज येई की बायको गरम पाणी घेऊन धावे.

"घसा धरला का तुमचा?"

"जर्मन बोलून राह्यलो."

"मंग हळद टाकू का त्यात?"

व्याही आले आणि पहिल्याच वाक्याला मी गारद झालो. मोबाइलमधली बाई ‘इश’ म्हणे, हे नुसतं ‘ई’. ‘निश्त’चं, म्हणजे ‘नाही’चं, यांच्याकडे ‘नेट’. शब्दांची शेपटं तर खाऊनच टाकत.

"बाबा, हे त्यायच्या गावाकडची बोली हाय," पल्लवी म्हणाली. "बर्लिनवाल्याइले बी समजत नाही."

तरी मी हटलो नाही. हळदीच्या दिवशी पल्लवी आणि लुकास आत तयार होत असताना मी भरल्या मांडवात माईक घेतला. म्हणायचं होतं, ‘आम्हाला तुमचा आशीर्वाद द्या.’ आशीर्वाद म्हणजे ‘झेगन’. पण माईक हाती आला की माझं तोंड जरा जास्तच उघडतं. ‘झॅगन’ झालं. झॅगन म्हणजे करवती.

व्याह्यांना वाटलं, आम्हाला काहीतरी कापून हवंय. मग हसत उठले, कोट काढला, मांडववाल्याकडून खुणेनं करवत मागून घेतली आणि स्टेजसमोर मधेच येणारा लाकडी खांब कापायला लागले.

"हे काय करून राह्यले?" बायकोनं विचारलं.

"तिकडची रीत असंन," मी ठामपणे सांगितलं.

पुढच्या मिनिटाला सगळा मांडव आमच्या डोक्यावर होता.

"लाइट गेली का बे?" कापडाखालून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मधोमध उजेड झाला. व्याही दोन्ही हातांनी कापड उचलून उभे होते, खांबाच्या जागी. दुसरा बांबू येईपर्यंत तो उंच माणूस तसाच उभा राहिला, घामानं भिजलेला, हसत, आणि म्हाताऱ्या बायकांना एकेक करून बाहेर जाऊ देत. कोणाला खरचटलंही नाही. लेक कुठल्या घरी चाललीय याचा घोर मला त्या दिवसानंतर लागला नाही.

जेवताना व्याही काहीतरी बोलले. पल्लवीनं सांगितलं, "बाबा, मामंजी म्हणतात तुमची जर्मन अगदी त्यायच्या शेजारच्या खोऱ्यातल्या लोकायसारखी हाय."

माझी छाती फुगली. "मंग त्या लोकायशी कसे बोलतात ते?"

"चिठ्ठी लिहून."

म्हणून व्याह्यांचे आभार मी लेखीच मानले. एकाच शब्दात, आणि तोही पल्लवीकडून तपासून घेतला.