आठ ठोक्यांची जागा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दिवसभर कुणी भेटत नाही. दाराच्या फटीतून कुणीतरी विचारतं, "झालं का हो?" उत्तराला थांबत नाही, कुरकुरत जिना चढू लागतं. जट्याच्या हे अंगवळणी पडलं होतं. डब्याच्या टपावर उभं राहायचं, डोक्यावरच्या दिव्यात दोर तपासायचे, रुळांना ग्रीस लावायचं. जट्या हे नाव लांब केसांवरून पडलेलं. केस निम्मे पांढरे झाले, नाव तसंच राहिलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन यायचा.

"दादा, चाळिशी उलटली. काप ते केस आता. तुझ्या भाचीच्या मैत्रिणी घाबरतात तुला."

"घाबरू देत. फुकटच आहे."

"आज कुणाशी बोललास?"

"तुझ्याशी."

"माझ्या आधी?"

तो आठवून बघायचा. मग विषय बदलायचा.

रविवारी मात्र सकाळपासूनच त्याच्यात जीव यायचा. टायरच्या एका दुकानामागे खोली होती. भिंतींना जुने टायर छतापर्यंत रचलेले, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. तिथे त्यांचा मेटल बँड जमायचा. दुकानाचा मालक ड्रम वाजवायचा. त्याला सगळे टायरच म्हणत. गाणारा शाळेची बस चालवायचा. माईकसमोर तो असा काही गुरगुरायचा की त्याचं नाव भोंगा पडलं. बसमधल्या पोरांना मात्र "बसा बाळांनो" म्हणायचा. बेस गिटार वाजवणारा चौथा कधी तोंड उघडत नसे, म्हणून त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. जट्या गिटारवर.

त्यांच्या गाण्यांचा साचा ठरून गेला होता. संथ सुरुवात, मग ड्रमची दौड, भोंग्याची गर्जना, गिटारची एकटीची फिरकी, परत गर्जना, धाडकन शेवट. 'गंज' हे त्यांचं पहिलं गाणं असं होतं. पुढची सगळी त्याचीच भावंडं. ऐकायला येणारी माणसंही तीच ती. गंज सुरू झालं की त्यांचा तोल सुटायचा. एक नियमही त्यातूनच आला होता. स्टेजवर कुणी अडकला, पुढचं विसरला, तर टायरने काठ्या आपटायच्या आणि सगळ्यांनी बिनबोभाट गंज सुरू करायचं. कितीदा तरी अब्रू वाचली होती त्याने.

जट्याला नवं गाणं लिफ्टच्या उभ्या भुयारात सुचलं. डबा थांबतो, ब्रेक बसतो, दोर एकदा थरथरतात, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नसण्याला उंची असते, तळापासून गच्चीपर्यंत. ती त्याला गाण्यात हवी होती. या गाण्यात गर्जना नव्हती, भोंग्याने नुसतं पुटपुटायचं होतं. आणि मधोमध आठ ठोके सगळ्यांनी गप्प. नवव्याला जट्या एक सूर छेडणार, त्यामागून बाकीचे येणार.

भोंगा उसळलाच. "गप्प बसायला लोकांना घरं नाहीत का? आठवडाभर साहेबाचं ऐकून येतात बिचारे. ओळखीची ओळ आली की त्यांना बोंबलायचंय. जुना जोडा चावत नाही, जट्या."

"जोडा घालून कुठे जायचंही असतं. आपण जागच्या जागी पाय आपटतोय."

"आपट की मग! त्यालाच मेटल म्हणतात."

टायर खो खो हसला. जट्याने त्याच्याकडे पाहिलं. शाळेपासूनचा दोस्त. आता त्याला बायको होती, दोन मुली होत्या, दुकान होतं. दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं. जे काय बोलायचे ते वाजवतानाच. हे गाणं खरं तर जट्याला त्यालाच ऐकवायचं होतं. त्या भुयारात कसं वाटतं ते. तोंडाने सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपलं असतं आणि टायर म्हणाला असता, लग्न कर.

"एकदा वाजवून बघू," टायर म्हणाला.

"एकदाच," भोंगा म्हणाला. "पडलं, तर परत त्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," जट्या म्हणाला.

तालीम नीट झाली. आठ ठोके चौघेही मनात मोजायचे आणि नवव्याला बरोबर एकत्र यायचे.

कार्यक्रम दुपारचा होता, एका रिकाम्या गोदामात. हे गाणं तिसरं. आधी लोक चुळबुळले. भोंगा पुटपुटतोय म्हटल्यावर कुणीतरी ओरडलं, "घसा बसला का रे?" हशा पिकला. मग हळूहळू हसणारेही थांबले. ती जागा आली. जट्याचा हात वर गेला.

गोदाम गप्प झालं. पुढच्या रांगेतल्या एकाने तोंडाशी नेलेली बाटली तिथेच धरून ठेवली होती. कुणी खोकत नव्हतं. एवढी माणसं आजवर जट्याबरोबर कधी गप्प बसली नव्हती.

आठ ठोके झाले. झाले हे त्याला कळलं. हात खाली आणवेना. अजून थोडं, त्याला वाटलं. अजून जरासं.

मागून काठ्या आपटल्या.

त्याचं मन वळून बघायच्या आत त्याची बोटं गंज वाजवू लागली होती. बोटांना दुसरं काही येतच नव्हतं जणू. लोकांनी गोदाम डोक्यावर घेतलं.

खाली उतरल्यावर घामाने निथळणाऱ्या टायरने त्याला मिठी मारली. "अडकलास ना? तुझा हात वरच राहिला, तेव्हाच म्हटलं, गेला हा. वाचवलं की नाही?"

जट्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर या माणसाने ते जन्मभर मनाला लावून घेतलं असतं.

"वाचवलंस," तो म्हणाला.

"सांगत नव्हतो?" भोंगा म्हणाला. पण त्यानेही जट्याच्या पाठीवर थोपटलं.

पुढच्या रविवारी भोंग्याने बोलीची आठवण करून दिली. टायर ऐकेना. "अरे, गाणं वाईट नाहीये. ती मधली जागाच घातकी आहे. तिथे मी भरतो. म्हणजे याला अडकायलाच नको."

त्याने वाजवून दाखवलं. आठही ठोके भरगच्च, एकावर एक कोसळणारे. सुंदर वाजवलं त्याने. आठवडाभर दुकानात बसून त्याचाच विचार केला असणार.

भोंगा उभाच राहिला. "आता झालं गाणं! इथे मी ओरडतो."

"छान," चौथा म्हणाला. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

टायरचं लक्ष मात्र जट्याकडे होतं. "जमलं का रे?"

"जमलं," जट्या म्हणाला.

आता ते गाणं प्रत्येक कार्यक्रमात असतं. लोक त्याची फर्माईश करतात, त्या जागी हवेत मुठी आपटतात. भाचीपर्यंतसुद्धा ते पोचलं. "दादा, तुझं गाणं गाजतंय म्हणे," बहीण फोनवर म्हणाली. "सगळ्यांचं आहे," तो म्हणाला, आणि तिच्या घरच्या नळाचं विचारलं.

त्या आठ ठोक्यांत जट्या तारांवरून हात उचलतो. ड्रम, गर्जना आणि लोक यांच्यात एक गिटार थांबलेली कुणाला कळत नाही. टायर तर डोळे मिटून वाजवत असतो. नवव्याला जट्या परत सूर छेडतो. अगदी वेळेवर.