राक्षसाच्या दारात

आमच्या गावच्या टेकडीवर राक्षसाचं घर आहे. छप्पर केव्हाच गेलंय, भिंती कमरेइतक्याच उरल्यात; पण समोरून जाताना गावातला प्रत्येक जण खाकरतो. कुणाच्या घरात शिरण्याआधी आपण दाराशी खाकरतो ना, तसंच. राक्षस बेसावध असला तर चिडतो म्हणे.

काल भर दुपारी तिथून जाताना मीही खाकरलो. आणि आतून कुणीतरी खाकरलं!

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीच्या मागोमाग आनंदच उसळला. आहे! अजून आहे! मी ओरडलोच, "कोण आहे आत?"

भिंतीआडून आमच्या शेजारच्या सुमनकाकू उठल्या. ओच्यात टाकळ्याची भाजी, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही होय! मला वाटलं, मालकच आले घरी."

मग आम्ही दोघंही हसत सुटलो. हसता हसता माझी नजर खालच्या आळीकडे गेली. तिथली किती धडधाकट घरं वर्षानुवर्षं कुलपात पडलीयत, त्यांच्यापुढे कुणी खाकरत नाही. या पडक्या भिंतींचं घरपण मात्र गावानं अजून टिकवलंय, आणि तेही एका राक्षसाच्या भरवशावर!

काकू उंबरा ओलांडून बाहेर आल्या, मागे वळल्या आणि त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "येते हं."

मीही घाईघाईनं "येतो" म्हणालो. आणि उत्तरासाठी थोडा थांबलोच.