फोन उचलणारे घरमालक

मारुंजीत फोन वाजला आणि आमच्या घरमालकांनी तो उचलला नाही, असं कधी झालंच असेल, तर तो फोन दुसऱ्याचा असणार. काकांना फोनची भूकच होती. राँग नंबरवाल्यालाही ते गाव विचारत, पाऊसपाणी विचारत, आणि तो ठेवू लागला की "जेवलात का?" म्हणून पुन्हा धरून ठेवत. काकू गेलेल्या, मुलगा परदेशात. खालच्या सगळ्या खोल्यांत ते एकटे आणि वर आम्ही भाडेकरू, दिवसभर हिंजवडीत नोकरीला. मला ते 'पाव्हणं' म्हणत, भाडं घेऊनसुद्धा.

गाडीही त्यांनी फोनपायीच घेतली. जमीन विकलेली, रोखीनं घेता आली असती. पण कर्ज घ्या म्हणून एका मुलीचा फोन आला. "येवढी ग्वाड बोलली, न्हाई कसं म्हनू?" चालवता तर येतच नव्हती. संध्याकाळी ते दारातल्या गाडीत काच खाली करून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत.

हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. एकदा खात्यात पैसे असूनही तो कर्ज देणाऱ्या कंपनीच्याच यंत्रणेत अडकला आणि उशिरा कापला गेला. त्याचा दंड लागला, हे काकांना कुणी कळवलं नाही. दंडावर व्याज चढत गेलं आणि मग वसुलीसाठी दुसऱ्या एका मुलीचे फोन सुरू झाले. काकांनी मला चकार शब्द सांगितला नाही, कारण त्यांना ते फोन आवडत होते. ती विचारायची पैसे कधी भरता, हे विचारायचे आज डब्यात काय आणलंस.

एका रविवारी भल्या पहाटे दार वाजलं. दारात काका उभे. "पाव्हणं, आज कुनी बाप्या बोलला. गाडी उचलून नेतो म्हनला. गावाम्होरं."

मी त्यांच्याकडचे कर्जाचे कागद पाहिले. "काका, असा अवेळी फोन करून धमकवायची त्यांना परवानगी नाही. दंड का लावला ते कळवावं लागतं, आणि दंडावर व्याज तर लावताच येत नाही."

"आसं व्हय? मंग आपुन चोर न्हाई?"

"अजिबात नाही."

सोमवारी रजा टाकून त्यांना पुण्यात कंपनीच्या कचेरीत नेलं. खात्याचा उतारा पाहून तिथल्या बाईंनी चूक मान्य केली, सगळा दंड रद्द केला आणि फोन करणाऱ्यांची तक्रार लिहून घेऊ का, म्हणून विचारलं. काका म्हणाले, "त्या बाप्याची लिवा. पर त्या पोरीला काय बोलू नका. तिनं रोज माजी चवकशी केली."

फोन थांबले. मला वाटलं, सुटले बिचारे. आठवडाभरानं जिन्यात भेटले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, म्होरला हप्ता मुद्दाम जरा उशिरा भरला तर?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मी वर निघालो होतो, तो तसाच मागे वळलो. "काका, चहा टाकता का?" म्हटलं. ते माझ्याआधी स्वयंपाकघरात पोचले. दुसरा कप मात्र त्यांना लवकर सापडेना.