भाऊबीजेच्या सुट्टीचा डाव

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी वायरी जोडते, तिथे त्या वर्षी आमच्या टेबलावरच्या दोघींपैकी एकीलाच भाऊबीजेची सुट्टी मिळणार होती. दुसरी माझ्याहून लहान, पिशोरची. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणून साहेब मोकळे झाले.

तीन पत्ती खेळून ठरवू, ही अक्कल माझी. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर आम्ही रोज खेळायचोच. पैसे नाहीत, चिंचोके. गेट येईपर्यंत जिच्याकडे जास्त, तिची सुट्टी.

शेताच्या वाटणीवरून तिचं आणि तिच्या भावाचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्या वर्षी त्याने आपणहून फोन करून तिला ओवाळायला बोलावलं होतं. हे तिने मला डबा खाताना सांगितलं होतं, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझा भाऊ शहागंजला राहतो. हाक मारली की येतो. पण मला हरायला आवडत नाही, आणि हा माझा जुना रोग आहे.

तिचा खेळ मला पाठ होता. ती पत्ते लगेच उचलून बघायची, जोडी नसली की पॅक, म्हणजे डाव सोडून मोकळी. अशा माणसासमोर आपण पत्ते बघायचेच नाहीत, ब्लाइंड लावत सुटायचं. बघणाऱ्याला दर वेळी दुप्पट टाकावे लागतात, मग त्याचा धीर सुटतो. आपल्याला खरंच चांगली पानं आली असतील, तर मात्र हळू, घाबरल्यासारखं खेळायचं. हे शहाणपण मी माहेरी दिवाळीत शिकले होते आणि त्याचा मला फार अभिमान होता.

गेट दिसायला लागलं तेव्हा दोघींचे चिंचोके जवळपास सारखे होते. शेवटचा डाव. मी न बघता दोन टाकले, तिने चार. मी चार, तिने आठ. मी आठ टाकले आणि सीटला टेकून बसले. तिने पत्त्यांकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"पॅक," ती म्हणाली.

पत्ते गोळा करताना मी आधी माझे बघितले. एक राणी, दोन फुटकळ. मग तिचे उलटले. तीन अठ्ठ्या. एवढी पानं हातात असताना कुणी डाव सोडत नाही.

"अगं, पॅक कशाला केलंस?"

"तुम्ही न बघताच टाकायला लागल्या, ताई. म्हणलं, तुमची नड लई मोठी असंल. आपलं काय, पुढच्या साली जाऊ."

सुट्टीचा कागद अजून भरायचा होता. 'मला काही नड नाही, तू जा,' एवढंच म्हणायचं होतं. मी "हं" म्हणाले, बसमधून उतरले आणि कागदावर माझं नाव लिहिलं. भाऊबीजेच्या दिवशी मी सकाळी दहापर्यंत झोपले. भाऊ संध्याकाळी आला, अर्धा तास बसून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर बसता बसता विचारलं, "झालं का ताई काम?"

"झालं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं होतं. तिच्या भावाचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. आम्ही रोज शेजारी बसतो.