देवाची उजवी बाजू

संकटात सापडलेल्या माणसाला धर्म आधार देतो. धर्मावरच्या प्रत्येक ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असते, आणि असे अकरा ग्रंथ मी वाचले होते. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो आणि गावचे छोटे वाचनालयही सांभाळत होतो. धर्म माणसाला काय देतो, समाजाचे काय करतो, यावरची पुस्तके मी हट्टाने मागवायचो. ती वाचणारा मी एकटाच. गणेशोत्सवात त्यांवर व्याख्यान द्यायचो. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, कारण नंतर भजन असायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आईच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा त्या अकरा ग्रंथांतले एक वाक्यही माझ्या कामी आले नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशन आठवड्याच्या आत झाले पाहिजे. आईने ते नीट ऐकले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बिरोबाला कौल लावल्याबिगर मी पोटाला सुरी लावू देनार न्हाई." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. गावात मी अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस होतो.

आमच्याकडचा कौल असा. देवाच्या दोन खांद्यांवर फुलाच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून बसायचे. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्या घराण्याने तीन पिढ्या मेंढरे राखली आणि मग शेती धरली, पण कौलाशिवाय ना कुणी रान बदलले ना कुणी लग्न जमवले.

देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष माझा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने देवळापुढे सिमेंटचा सभामंडप बांधून घेतला होता. गाभाऱ्यासमोर लोखंडी कठडा, कठड्यापाशी मामाची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर मामाचे नाव. मी सांगायला गेलो तर म्हणाला, "ह्या रविवारी पावन्यांचा सत्कार हाय. कौल फुडच्या रविवारी."

"मामा, आईच्या गाठीला तुमचा सत्कार माहीत नाही."

"मास्तर, तुमच्या पुस्तकात देवाफुडं रांग नसंल. हितं हाय."

ही त्याची सख्खी बहीण होती. मला इतका संताप आला की घरी येऊन मी वाचनालयातली ती अकराही पुस्तके कपाटात उलटी लावली, पाठी भिंतीकडे करून. त्याने कुणाचे काही बिघडले नाही. मिरजेहून आल्यापासून कौलापर्यंत बारा दिवस गेले. कळ आली की आई सूप मांडीवर घेऊन पोट दाबून बसायची, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे ज्वारी पाखडते आहे. सुपात काही नसायचे. मी तिला विनवले, धमकावले, एकदा तर हात धरून ओढले. "तुजा इस्वास न्हाई तर नसू दे," ती म्हणाली. "पोट माजं हाय."

आणि एक कबूल केलेच पाहिजे. कौलाच्या आदल्या दिवशी मी गुरवाला एकट्याला गाठले आणि म्हणालो, डावी कळी जरा घट्ट चिकटव. "मास्तर, तुमीच म्हनता न्हवं, ह्यात काय न्हाई? मग घट्ट कशाला चिकटवू?" मी चपला चढवल्या आणि घरी आलो.

रविवारी मंडप भरला. आई कठड्याला धरून बसली. जवळच्या खांबाला टेकून घोंगडे पांघरलेला एक म्हातारा मेंढका बसला होता. तो गावात कुणाच्या ओळखीचा नव्हता. पाण्यासाठी मेंढरे कृष्णाकाठाला न्यावीत का, हा प्रश्न घेऊन सकाळीच आला होता. त्याचा कौल होऊन गेला होता आणि आता तो नुसता सावलीला बसला होता. गुरवाने आत जाऊन कळ्या लावल्या. तासभर काही झाले नाही. मामाने दोनदा फेटा सारखा केला. मग आमच्या डाव्या हाताची कळी घसरली आणि पडली.

मामा खुर्चीतून उठला. "डावा. द्येव न्हाई म्हनतो."

मग मी बोललो. जन्मभराचे वाचन त्या कठड्यासमोर ओकून टाकले. धर्म कशातून जन्मला, त्याच्या नावाने माणसे माणसांना कशी मारतात, खुर्चीवर नाव घालून देवापुढे बसणाऱ्याला देव कसा दिसतो, सगळे. आवाज फाटला. कुणी अडवले नाही, कुणी रागावलेही नाही. माझे संपल्यावर आई म्हणाली, "झालं बोलून? चल, घरी जाऊ." आणि ती मरायला घरी जाण्यासाठी उठू लागली.

तेव्हा खांबाजवळचा म्हातारा म्हणाला, "आवं अध्यक्ष, कुनाचा डावा?"

"म्हंजे? ह्यो डावा." मामाने आपला डावा हात वर केला.

"त्यो तुमचा झाला. द्येव तुमच्याकडं त्वांड करून बसलाय. तिकडं त्याचा उजवा येतोय की."

मामाने गुरवाकडे पाहिले. गुरव जमिनीकडे बघत म्हणाला, "आमचं आबा देवाशेजारी बसून बघायचं. देवाचा उजवा त्योच उजवा. मंडप झाल्यापास्नं अध्यक्ष खुर्चीवरनं सांगत्यात."

"मग तू बोलला न्हाईस का रं?" कुणीतरी मागून विचारले.

"इचारलं न्हाई कुनी."

दोन वर्षे. मंडपातला प्रत्येक जण मनातल्या मनात मागे गेला. एकाने अर्ध्यावर विहीर सोडली होती. एका बाईने देव नको म्हणाला म्हणून ठरलेली सून नाकारली होती. ती पोर गावातच दुसऱ्या घरी सुखाने नांदत होती आणि तिसऱ्या ओळीत मांडीवर मूल घेऊन बसली होती. मामा हळूच खाली बसला, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर.

आईला या कशाशी कर्तव्य नव्हते. "म्हंजे व्हय म्हनतोय न्हवं?" तिने म्हाताऱ्याला विचारले. त्याने मान हलवली. ती माझ्याकडे वळली. "मिरजेची येष्टी कितीला हाय रं?"

उशीर झाला आहे, पण बघू, असे डॉक्टर म्हणाले. आत नेताना आईने कनवटीची भंडाऱ्याची पुडी माझ्या हातात दिली. "धर. परत दे मला." एवढे बोलून तिने डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावर मी त्या बारा दिवसांत पहिल्यांदा काही सोडून दिलेले पाहिले. मी बाहेर बाकावर बसलो. मूठ उघडली तेव्हा तळवा पिवळा झाला होता आणि पुडी फाटली होती. मी कुणाची तरी प्रार्थना करत होतो. कुणाची, ते मी अजून ठरवलेले नाही.

आई वाचली. वॉर्डात मी सोबत नेलेला सर्वांत जाड ग्रंथ तिच्या तांब्याखाली होता. तांबा डगमगत नसे.

माझा राग गेलेला नाही. देवाकडे पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर जे स्वतःच्या खुर्चीवरून वाचतात, त्यांच्यावर तो आहे आणि राहो. पण त्यांत मीही आलो, हे मला तेव्हापासून पटले आहे. अकरा ग्रंथ मी समोरूनच वाचले होते. आईपर्यंत वाट काढली ती एका अनोळखी माणसाने, तिच्याच भाषेत, तिच्याच देवाला साक्षी ठेवून. त्याला कृपा म्हणायला मी आता लाजत नाही. हातातून सगळे सुटते, तेव्हा कोण काय धरून उभा राहील हे आपण ठरवत नसतो. तेवढे मान्य करणे म्हणजे शरण जाणे असेल, तर मी गेलो.

आई हिंडू-फिरू लागल्यावर मी नवा पटका घेऊन त्या म्हाताऱ्याला शोधायला देवळात गेलो. गुरव म्हणाला, तो त्याच दिवशी मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला गेला. त्याला देवाने काय कौल दिला होता, असे मी सहज विचारले.

"डावा," गुरव म्हणाला. "देवाचा डावा."