तीन बोटांवरचा शब्द

पुष्कळ वर्षं झाली. धारहून देवासला जाणाऱ्या बैलगाडीत माझ्यासोबत एक म्हातारी बाई होती. कुठल्याशा देवळात ती स्वयंपाक करायची. मी शाळामास्तर, आणि मासिकातल्या एका कोड्याशी चार दिवस झुंजत होतो.

"मास्तर, जोरानं वाचा की," ती म्हणाली.

"बाई, हे वाचता येणाऱ्यांचं काम आहे," मी म्हणालो, तरी वाचलं. तीन अक्षरांचा शब्द. पहिलं अक्षर गेलं तर फौज उरते, शेवटचं गेलं तर भांडण. पूर्ण ठेवला तर झाडं पाडतो.

तिनं तीन बोटं उभी केली आणि ओठ हलवले. पहिलं बोट मिटून म्हणाली, "दळ." ते उघडून शेवटचं मिटलं. "वाद." मग तिन्ही उघडली. "वादळ."

मी मासिक मिटलं.

विहिरीपाशी बैल सोडले तेव्हा तिनं मला तो शब्द धुळीत लिहायला लावला. बराच वेळ पाहून म्हणाली, "एवढंच होय? मला वाटायचं, फार अवघड असेल."

निघताना त्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालून गाडीत चढली.

उत्तर मी मासिकाला पाठवलं. ते माझ्या नावानं छापून आलं. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.