दुसरा पंखा

“करंट लई शरीफ असतो, पाटील. त्याला वाट दावली की गुमान जातो. लबाडी करतो तो माणूस.”

एवढं बोलून चाचा टेस्टर कानावर खोचायचे आणि गाडीच्या बॉनेटखाली वाकायचे. हे वाक्य आमच्या गल्लीनं इतक्या वेळा ऐकलं होतं की पानवालासुद्धा ते पुढचं-मागचं करून म्हणायचा. चाचांना त्याचा राग येत नसे. उलट तो चुकला तर ते दुरुस्त करायचे.

मोंढा नाक्याच्या मागच्या गल्लीत गाड्यांचे बल्ब, वायर, फ्यूज विकायचं माझं दुकान आहे. समोर दहा पावलांवर चाचांचं. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि भिंतीवर जुन्या वायरींचे गुंडाळे. गाड्यांचं वायरिंग करणारी अशी माणसं तुमच्याही गावात असतील. चाचांचं नाव मी सांगत नाही, गल्लीत तसंही ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी मूळचा सोयगावचा, आडनावानं पाटील नव्हे. पण चाचांनी पहिल्याच दिवशी पाटील म्हणून हाक मारली आणि मीही फुकटची पाटीलकी कशाला सोडायची म्हणून गप्प बसलो.

त्यांची कामाची तऱ्हा निराळी होती. वायरींचा जोड नुसता पिळून टेप गुंडाळणं त्यांना हरामाचं वाटे. ते जोडाला कथील वितळवून झाळ द्यायचे, त्यावर टेप, आणि टेपवर मेण लावलेला पक्का दोरा आवळून गाठ मारायचे. “टेप तर कुणीबी गुंडाळतंय,” म्हणायचे. नव्या गाड्यांच्या शोरूममधली पोरं लॅपटॉप लावून दोष काढतात, तिथला छापील कागद घेऊन एखादं गिऱ्हाईक आलं की चाचा कागद दोन्ही हातांनी अदबीनं घ्यायचे, चार घड्या घालायचे आणि डगमगत्या बाकड्याच्या पायाखाली सारायचे. मग म्हणायचे, “हां, आता बोला, काय दुखतंय गाडीचं?”

याच माणसानं मला एक खोड लावली. वायर हातात धरून ते दुकानाच्या पायरीशी यायचे आणि मास्तरसारखं विचारायचे, “सांगा बघू पाटील, ह्यो रंग कंचा?” मी सांगायचो. “शाब्बास. धंद्यात टिकाल,” म्हणून ते परत जायचे. वर्षभर मला ती थट्टाच वाटत होती. एकदा मलाही लहर आली. पिवळी वायर होती, मी ठणकावून सांगितलं, “हिरवी.” ते गेले, आणि मला समोर दिसलं, की ती पिवळी वायर ते खरंच हिरव्याच्या जागी बसवताहेत.

मी धावत गेलो. “अहो चाचा, थट्टा केली हो. पिवळी आहे ती.”

त्यांनी पक्कड खाली ठेवली. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. “रंगाची थट्टा नक्को करू पाटील,” एवढंच म्हणाले. आजवर मला अहो-जाहो करणारा माणूस त्या दिवशी एकेरीवर आला होता.

शुगरनं डोळे चालले होते. आकार दिसत, अंतर कळे, पण तांबडा आणि चॉकलेटी, निळा आणि काळा हे सगळे एक झाले होते. घरात चाची सोडून कुणाला माहीत नव्हतं. गल्लीला कळलं असतं तर त्यांच्या शटरसमोर एक गाडी थांबली नसती, कारण वायरींचं काम म्हणजे निम्मं रंगांचंच काम. आणि काम नसलं तर चाचांनी करायचं काय? पोरगी सासरी, नमाज आणि वायर याखेरीज तिसरं त्यांना काही येत नव्हतं. त्या दिवसापासून, न बोलता, मी त्यांचा डोळा झालो. ते वायर घेऊन यायचे, मी नीट बघून सांगायचो. “शाब्बास” मात्र ते म्हणतच राहिले, लोकांना संशय नको म्हणून. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ही गोष्ट माणसाला फार गोड लागते.

मग ती लाल गाडी आली. बिडकीनच्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेला एक तरुण. पुण्याहून टर्बो बसवून, उंची कमी करून आणलेली गाडी. सुरू केली की आमच्या काउंटरवरचे बल्ब किणकिणायचे. पण गर्दीत दहा मिनिटं उभी राहिली की तिचा तापमानाचा काटा थेट तांबड्यात. चाचांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरमागचा पंखा बोटानं फिरवून पाहिला आणि हसले.

“बेटा, इंजिनाची ताकद वाढवली तुमी. पण ताकद वाढली की ताप बी वाढतो. तो काढायला ह्यो एवढासा पंखा? पैलवानाला लेकराचं अंगडं घातलंय.”

दोन मोठे पंखे बसवायचे ठरले. एक आधी सुरू होणार, आणि पाणी आणखी तापलं की दुसरा. प्रत्येकाला स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज. चाचा आठवडाभर त्या गाडीत रमले होते. किती वर्षांनी मनाजोगं काम मिळालं, असं दोनदा म्हणाले. पत्र्याच्या पट्ट्या त्यांनी स्वतः वाकवल्या, पंख्याभोवतीचा सांगाडा रेडिएटरला असा बसवला की मधून बोट जाणार नाही. हवा बाजूनं पळून गेली तर पंखा नुसता नाचतो, म्हणाले.

गाडी द्यायची होती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आमची गल्ली त्या दिवशी कशी असते ते बघायला या कधी. प्रत्येकाला गाडी धुऊन, दिवे लावून, पूजेला हवी असते. माझ्या काउंटरवर सात-आठ माणसं, एक फोन खांद्यात धरलेला. चाचा पहिल्या पंख्याच्या वायरी घेऊन आले, मी बघून सांगितलं. थोड्या वेळानं दुसऱ्या पंख्याच्या घेऊन आले. दोनच वायरी, एक निळी, एक काळी, दोन्ही ग्रीसनं माखलेल्या.

“पाटील, ह्यात काळी कंची?”

मी मान वर केली की नाही, मला आजही आठवत नाही. “डावीकडची,” म्हणालो.

डावीकडची निळी होती.

अशा पंख्याच्या वायरी उलट्या जोडल्या तर पंखा बंद पडत नाही. तो मजेत फिरतो, फक्त उलटा फिरतो. हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलतो. म्हणून चाचा काम झालं की गाडीच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा तुकडा धरायचे. तुकडा जाळीला चिकटला तर पंखा बरोबर. पहिल्या पंख्याला तुकडा टपकन चिकटला. दुसरा सुरू व्हायला इंजिन आणखी तापायला हवं होतं. चाचा म्हणाले, “दहा-पंधरा मिंटं चालू दे बेटा, दुसरा बी बघू.” गाडीवाला घड्याळ बघत होता, गल्लीत मागून हॉर्न वाजत होते. आणि मीच दुकानातून ओरडलो, “अहो चाचा, एक चिकटला ना? दुसरा काय त्याचा सावत्र भाऊ आहे? जाऊ द्या त्यांना.”

लोक हसले. चाचाही हसले. गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी ती टोचन करून परत आली. अजिंठ्याच्या घाटात मालट्रकांच्या मागं अडकलेली असताना पाणी उकळलं होतं, इंजिनाचं हेड गेलं होतं. मागच्या सीटवर त्या तरुणाची आजारी आई होती, ती दोन तास उन्हात बसून होती. त्याचा राग खोटा नव्हता. चाचांनी बॅटरीवरून थेट तार देऊन दुसरा पंखा फिरवला, समोर कागद धरला. कागद त्यांच्या हातून सुटून मागं उडाला.

“काका, दिसत नाय तुम्हाला? दिसत नाय तर हात कशाला लावता लोकांच्या गाडीला?” तो तरुण ओरडला.

सगळी गल्ली थांबली होती. चाचा कागद उचलायला वाकले, तो त्यांना लवकर सापडला नाही. मग सरळ उभे राहिले.

“हौ बेटा,” ते म्हणाले, “नाय दिसत मला. माझी चूक हाय.”

मी दहा पावलांवर होतो. हातात कुणाचा तरी बल्ब होता. मला फक्त रस्ता ओलांडून म्हणायचं होतं, की रंग मी सांगितला. चाचांनी एकदा माझ्या दुकानाकडं तोंड केलं. त्यांना माझा चेहरा दिसला नसणार, मी उभा आहे एवढं मात्र नक्की दिसलं असणार. मी भ्यालो. इंजिनाचं आपल्या गळ्यात येईल, दुकानाचं नाव जाईल, म्हणून भ्यालो. बल्ब कागदात गुंडाळला आणि गिऱ्हाइकाला दिला.

ओळखीच्या मिस्त्रीकडून ते इंजिन चाचांनी नीट करून दिलं. दुसरा पंखाही स्वतः सुलट जोडला, त्या मिस्त्रीला रंग विचारून. मला विचारायला ते आले नाहीत. त्यानंतर त्यांचं शटर उघडलं नाही.

पंधरा दिवस मी टाळलं, मग रोशन गेटच्या त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून ओल्या शेंगा फोडत होते. माणूस पंधरा दिवसांत एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मी सुरुवात केली, “चाचा, त्या दिवशी ती वायर...”

“शेंगा घ्या पाटील,” ते म्हणाले. “गोड हायत.” मी पुन्हा तोंड उघडलं. त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातात ठेवले आणि माझी मूठ आपल्या हातानं बंद केली. “गल्लीचं सांगा. पानवाला काय म्हणायलाय?”

मी पानवाल्याचं सांगितलं. तासभर बसलो आणि उठलो. पुढच्या वेळी सांगू, असं मनाशी ठरवलं होतं.

थंडीत ते गेले. मी नात्यातल्या एका लग्नासाठी सोयगावला होतो, परत आलो तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते. मी घरी गेलो. चाची दाराच्या पडद्याआड बसल्या होत्या, त्यांच्या पोरीनं चहा आणून ठेवला.

“तुमचं लई नाव काढायचे,” पडद्याआडून चाची म्हणाल्या. “म्हणायचे, मी चार-पाच वर्सं पाटलाच्या डोळ्यानं काम केलं. येकदा बी त्यानं चुकीचा रंग सांगितला नाय.”

मी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

मग त्या म्हणाल्या, “मग त्या लाल गाडीचं कसं हो चुकलं? किती डाव विचारलं म्या, ते कधीच बोलले नाय. तुमी तर समोरच व्हते.”

“घाईत झालं, चाची,” मी म्हणालो.

“हां,” त्या म्हणाल्या. “म्हातारपणी घाई कशाला करावी माणसानं.”

मी मान हलवली आणि चहा संपवला.